घर पाहावं मांडून

घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून, असं आपण मराठीत म्हणतो. कानडीत म्हणतात, 'मनी कट्टी नोडु, मदुवी माडी नोडु'. अर्थ तोच आणि क्रमही तोच, आधी घर आणि मग लग्न. आपल्या भागातल्या बहुतेक मुलांनी ही म्हण एका आजीकडून मराठीत आणि दुसऱ्या आजीकडून कानडीत ऐकलेली असते. पण या दोन्ही म्हणी फ्लॅट येण्याच्या आधीच्या. फ्लॅट दुसराच कुणीतरी बांधतो, आपण फक्त हप्ते फेडतो. आपल्या हाती उरतं ते मांडणं. म्हणून या म्हणीला एक शेपूट जोडायला हरकत नाही : घर पाहावं मांडून!

एका वाचक भगिनींनी विचारलं होतं, "दिवसभराची दगदग सोसून घरी आल्यावर मनाला विसावा वाटेल, असा फ्लॅट कसा सजवायचा?" प्रश्न साधा दिसतो, पण तसा नाही. बाजारात या प्रश्नाची उत्तरं तयारच असतात. बुद्धाचा मुखवटा घ्या, टेबलावरचं छोटं कारंजं घ्या, राखाडी रंगाची भिंत करा, वासाच्या मेणबत्त्या लावा. या वस्तू वाईट नाहीत. पण कारंज्याचं पाणी वेळच्या वेळी बदललं नाही तर त्यात आधी डास येतात, शांतता मागून येते. आणि पांढराशुभ्र सोफा पावसाळ्यात बाहेरून लाल चिखल घेऊन येणाऱ्या घरात किती दिवस पांढरा राहणार?

मला वाटतं, सजावटीच्या आधी एक प्रश्न विचारायला हवा. शांतता हवी, पण कुणाची? एका घरात चार माणसं असली तर चार प्रकारची शांतता असते, आणि त्या चारही एकमेकींशी पटवून घेतातच असं नाही.

आपली जुनी घरं आठवून पाहा. शहापूर, खासबाग, अनगोळ भागातली किंवा आसपासच्या खेड्यांतली. पुढे कट्टा, मग अंगण, पडवी, सोपा, आत माजघर, मागे परडं. कानडी घरातही हीच मांडणी, नावं तेवढी वेगळी : कट्टी, अंगळ, पडसाली, नडुमनी, हित्तल. या जागा नुसत्या कामाच्या नव्हत्या, मनाच्याही होत्या. ज्याला गप्पा हव्यात तो कट्ट्यावर जाई. रागावलेली सून परड्यात जाऊन भांडी जोरात घाशी. दुपारी ज्याला डोळा लागायचा त्याला अंधारं, गार माजघर. 'मला थोडा एकांत हवा' असं तोंडाने कुणी म्हणत नसे, कारण म्हणण्याची गरजच पडत नसे. जागा बदलली की ते आपोआप कळायचं.

फ्लॅटमध्ये हॉल आहे, किचन आहे, दोन बेडरूम आहेत. बसायचं कुठे, शिजवायचं कुठे, झोपायचं कुठे, हे ठरलेलं आहे. रुसायचं कुठे, हे मात्र कुठल्याच नकाशात नसतं.

आमचं उदाहरण सांगते. टिळकवाडीच्या बाजूला दुसऱ्या मजल्यावर आमचा दोन बेडरूमचा फ्लॅट आहे. माणसं चार. यजमान, मी, बारावीतली मुलगी आणि सासूबाई. सासरे २०२२ मध्ये गेले. शहापुरातलं जुनं घर सगळ्या भावंडांच्या संमतीने विकलं आणि आई आमच्याकडे आल्या. त्या मूळच्या बैलहोंगलच्या. लग्न होऊन शहापुरात आल्या तेव्हा मराठी येत नव्हतं, ते स्वयंपाकघरात शिकल्या. पुढची पन्नासहून अधिक वर्षं त्यांनी घरात मराठी आणि कट्ट्यावर कानडी अशी वाटणी चोख सांभाळली.

फ्लॅटमध्ये आल्यावर त्यांची वाटणी मोडली. कट्टाच नाही, तर कट्ट्यावरची भाषा कुठून असणार? आम्ही तिघं सकाळी साडेनऊपर्यंत बाहेर पडायचो. दार बंद, समोरच्या फ्लॅटचं दारही बंद. आईंना मुलीच्या खोलीत पलंग दिला होता. त्या पलंगाच्या कडेला बसून असत. कापडी पिशवी उशाशी, आणि गावाहून आणलेली ट्रंक आठ महिने न उघडलेली. जणू गाडीची वेळ झाली की निघायचं आहे. जेवण कमी झालं. डॉक्टरांनी रक्तदाब, साखर सगळं तपासून ठीक असल्याचं सांगितलं. एकदा मी विचारलं, "आई, इथं बरं वाटत नाही का?" तर म्हणाल्या, "तसं कुठं, अगं? घर शांत आहे की तुमचं. फारच शांत आहे."

त्यांच्या तोंडून 'शांत' हा शब्द तक्रारीसारखा निघाला. ज्यासाठी लोक रंगारी आणि सुतार बोलावतात, तीच गोष्ट एका माणसाला आतून पोखरत होती. आणि त्याच खोलीत टेबलाशी बसलेल्या आमच्या मुलीला, परीक्षेच्या वर्षात, आहे त्याहून जास्त शांतता हवी होती. एका दहा बाय अकराच्या खोलीत दोन उलट्या गरजा. रंग कुठला लावायचा, हा प्रश्न त्यानंतरचा.

मग आम्ही एक साधं काम केलं. एका रविवारी चौघंही जेवणानंतर बसलो आणि प्रत्येकाने सांगायचं ठरलं, की बरं वाटतं तेव्हा मी काय करत असते किंवा असतो. यजमान म्हणाले, रेडिओ हळू लावून पेपर वाचतो. मुलगी म्हणाली, कानात गाणी आणि पाठीमागे कुणी नको. मी म्हटलं, तास दीड तास मला कुणी हाक मारू नये. आई बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "येणारं-जाणारं माणूस दिसलं की बरं वाटतं." आमच्या सगळ्या सजावटीचा आराखडा या चार वाक्यांतून निघाला.

येणारं-जाणारं माणूस आमच्या घरातून एकाच जागेवरून दिसत होतं, गॅलरीतून. गॅलरी चार फूट रुंद, दहा फूट लांब, खाली सोसायटीचं फाटक. पण तिथे जुनी सायकल, रद्दी, रंगाचे डबे आणि कपड्यांच्या दोऱ्या. फ्लॅटमधली सगळ्यात उजेडाची जागा आपण अडगळीला देतो आणि मग आत दिवे लावून बसतो! सायकल आणि रद्दी विकली. कपडे वाळवायची वर-खाली होणारी कप्पी किचनमागच्या भागात नेली. शांत घराचं पहिलं काम विकत घेण्याचं नसून काढून टाकण्याचं असतं. त्याला पैसे पडत नाहीत, उलट रद्दीचे थोडे मिळतात.

मग गॅलरीत बसण्याची सोय. बेळगावचा पाऊस पश्चिमेकडून तिरका येतो आणि जून ते सप्टेंबर गॅलरी धुऊन काढतो, म्हणून गादी-सोफ्याचा विचारच केला नाही. जुन्या घरातलं सागवानी बाकडं पॉलिश करून आणलं, वर गुंडाळता येणारा बांबूचा पडदा लावला. पडदा पावसाची झड अडवतो आणि त्याच्या फटींतून रस्ता दिसत राहतो. म्हाताऱ्या माणसासाठी एक गोष्ट आवर्जून पाहा, बैठक गुडघ्याच्या उंचीची हवी आणि उठताना धरायला हात हवा. जमिनीलगतच्या बैठका फोटोत फार छान दिसतात, पण त्यावरून सत्तरीतल्या माणसाला उठवायला दोघं लागतात. कठड्याजवळ चढता येईल असं स्टूल किंवा मोठी कुंडी ठेवू नये, विशेषतः घरात लहान मुलं येत असतील तर.

बाकड्यावर कौदी. मराठीत आपण गोधडी किंवा वाकळ म्हणतो ती. ती आईंच्या ट्रंकेतून निघाली, म्हणजे ट्रंक उघडली एकदाची. तिच्यात सासऱ्यांच्या धोतराचे आणि नणंदेच्या परकराचे तुकडे आहेत. तिच्याखाली दोन जुनी इरकल लुगडी होती. त्यांचे पडदे शिवावेत, ही कल्पना आईंचीच. इरकलचा काठ खाली आला की साध्या खिडकीलाही तोरण लावल्यासारखं दिसतं. जुनं कापड उन्हाने लवकर विरतं, म्हणून मागून साध्या सुती कापडाचं अस्तर द्यावं. गुळेदगुड्डच्या खणाचे उरलेले तुकडे उशांच्या अभ्र्यांना लावले. शोरूममधला पडदा दिवाळीला बदलावासा वाटतो. असल्या पडद्याच्या बाबतीत तसा विचारही मनात येत नाही.

आता उजेड. एलईडी दिव्याच्या खोक्यावर वॅटशिवाय आणखी एक आकडा असतो, त्याच्यापुढे 'के' हे इंग्रजी अक्षर असतं. तो उजेडाचा रंग सांगतो. २७०० ते ३००० म्हणजे जुन्या बल्बसारखा पिवळसर, ६५०० म्हणजे पांढरा-निळसर. पांढरा उजेड ओट्यावर आणि अभ्यासाच्या टेबलावर ठीक. पण संध्याकाळी जिथे बसून विसावायचं तिथे पिवळसर दिवा लावावा, आणि छताच्या मधोमध एकच प्रखर दिवा लावण्यापेक्षा कोपऱ्यांत दोन लहान. मात्र वय झालेल्या डोळ्यांना वाचायला जास्त उजेड लागतो. 'मंद प्रकाश म्हणजे शांती' या नादात आजी-आजोबांना अंधारात बसवू नका. त्यांच्या खुर्चीच्या मागून, खांद्यावरून येणारा चांगला दिवा हवाच.

आवाजाचंही तसंच. आपल्या देशात २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ मध्ये झोपायच्या खोलीसाठी ३० डेसिबलची शिफारस केली होती. रस्त्यालगतच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्याला हे आकडे वाचून हसूच येईल. तरी घरातल्या घरात करण्यासारख्या दोन गोष्टी आहेत. एक, गुळगुळीत फरशी आणि रिकाम्या भिंतींमुळे खोलीत आवाज घुमतो. जाड पडदे, सतरंजी, पुस्तकांनी भरलेलं कपाट असलं की तो घुमत नाही. दोन, बाहेरचा आवाज फटींतून येतो. खिडकीच्या चौकटीला रबराची पट्टी लावली की थोडा फरक पडतो. मुलीचं टेबल आम्ही दाराकडून काढून खिडकीशेजारच्या कोपऱ्यात नेलं, तिच्या पाठीमागे पुस्तकांचं कपाट आलं. तिची 'पाठीमागे कुणी नको' ही अट एका कपाटाच्या सरकण्याने पुरी झाली.

झाडांविषयी थोडं खरं बोलायला हवं. अमुक झाड ठेवा म्हणजे घरातली हवा शुद्ध होते, असं नर्सरीवाले सांगतात. त्यामागे अमेरिकेतल्या 'नासा'चा १९८९ चा एक अभ्यास आहे, पण तो बंद पेट्यांत केलेला होता. २०१९ मध्ये अशा अनेक प्रयोगांचे आकडे पुन्हा तपासले गेले, तेव्हा दिसलं की नेहमीच्या घरात तेवढा परिणाम मिळवायचा तर एका चौरस मीटरला निदान दहा झाडं लागतील. म्हणजे माणसांना घराबाहेर राहावं लागेल! हवेसाठी खिडकी उघडणं बरं. मग झाडं का ठेवायची? डोळ्यांसाठी. अमेरिकेतल्याच एका रुग्णालयात पित्ताशयाचं ऑपरेशन झालेल्या ४६ रुग्णांच्या नोंदी रॉजर उलरिख या संशोधकाने १९८४ मध्ये मांडल्या. ज्यांच्या खिडकीतून झाडं दिसत होती ते, ज्यांना विटांची भिंत दिसत होती त्यांच्यापेक्षा थोडे लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामकंही कमी लागली. अभ्यास लहान आहे, पण आपल्या अनुभवाला पटणारा आहे. आमच्या गॅलरीत खानापूरच्या मातीच्या कुंड्यांत तुळस, अबोली आणि जुई आहे. अबोलीला आई कनकांबर म्हणतात. पाणी घालण्याचं काम त्यांचं, त्यात दुसऱ्या कुणी लुडबूड करायची नाही.

आणि आपल्या हवेला धरून एक सूचना. पावसाळ्यात भिंतींना ओल येणाऱ्या घरात आधी ओल काढा, मग रंग. ओलीवर चिकटवलेला वॉलपेपर एका पावसाळ्यात पापुद्रे सोडतो आणि मागे बुरशी धरते. कपाटं बाहेरच्या भिंतीला अगदी चिकटवू नका, दोन-तीन इंच जागा सोडा म्हणजे मागे हवा खेळते. पाऊस उघडला की दुपारी तासभर समोरासमोरच्या खिडक्या उघड्या ठेवा. कुबट वास असलेल्या घरात कितीही उदबत्त्या लावल्या तरी मन रमत नाही.

आमच्या घरातले बाकीचे दोन कोपरे अगदीच छोटे. यजमानांचा हॉलमधल्या खुर्चीशेजारी, रेडिओ आणि पेपर ठेवण्यापुरता. माझा आमच्या बेडरूममध्ये, कपाट आणि खिडकीच्या मधे, तीन फूट बाय चार फूट. तिथे एक वेताची खुर्ची, एक दिवा, एक फळी. त्या खुर्चीत बसून परीक्षेचे पेपर तपासायचे नाहीत, असा मी माझ्यापुरता नियम केला आहे. मी त्या खुर्चीत असले की घरातलं कुणी हाक मारत नाही, मारलीच तर गॅस वगैरे खरोखर पेटला आहे असं समजावं.

आणि गॅलरी? पहिल्या आठवड्यात आई तिथे नुसत्याच बसल्या. दुसऱ्या आठवड्यात खालून भाजीवाली जात होती, तिला त्यांनी वरून विचारलं, "मेंते पल्ले ऐतेन?" तिने मान वर करून कानडीतच उत्तर दिलं. मग दोरीला बांधून टोपली खाली गेली, मेथी वर आली, आणि मेथीबरोबर भाजीवालीचं गाव, तिच्या मुलीचं लग्न, यंदाचा पाऊस हेही वर आलं. पहिल्या मजल्यावर राहणाऱ्या सौंदत्तीकडच्या एक आजी आता दुपारी तीनला येतात. दोघींच्या मधे पानाचा डबा असतो. सगळी दुःखं गेली असं मी म्हणणार नाही. शहापूरच्या घरासमोरून जायची वेळ आली तर त्या अजूनही रिक्षा दुसऱ्या रस्त्याने घ्यायला सांगतात. पण ट्रंक रिकामी करून माळ्यावर ठेवली आहे. परवा चहाचा कप हातात घेताना त्या सहज बोलून गेल्या, "ईग मनी आत नोड." आता घर झालं बघ. हे वाक्य त्यांनी कानडीत म्हटलं. दोन वर्षांत घरात माझ्याशी त्या पहिल्यांदाच कानडीत बोलल्या.

कानडीत घराला 'मने' म्हणतात, आपल्याकडच्या बोलीत 'मनी'. मराठीत 'मनी' म्हणजे मनात. शब्दांची मुळं वेगळी असतील, ते भाषाशास्त्राच्या जाणकारांवर सोडू. पण दोन्ही भाषा बोलणाऱ्या माणसाच्या कानाला ते शेजारी शेजारीच ऐकू येतात.

धारवाडचे द. रा. बेंद्रे यांची मातृभाषा मराठी. त्यांनी कानडीत कविता लिहिली आणि १९७३ च्या ज्ञानपीठ पुरस्काराचे ते मानकरी झाले. ते राहायचे ती वस्ती साधनकेरी. केरी म्हणजे आळी. त्यांची प्रसिद्ध कविता या साधनकेरीकडे परतण्याची हाक आहे. एवढ्या मोठ्या कवीला परतायला आळी हवीशी वाटली, हे मला फार बोलकं वाटतं. विसावा म्हणजे दर वेळी बंद दार नसतं. कुणासाठी तो बंद दाराआड असतो, तर कुणासाठी रस्त्याकडे तोंड केलेल्या बाकड्यावर.

तेव्हा मैत्रिणींनो, येत्या सुट्टीत शोरूमला जाण्याआधी घरातल्या सगळ्यांना एकत्र बसवा. बरं वाटतं तेव्हा तू काय करतोस, तुम्ही काय करता, एवढंच प्रत्येकाला विचारा. लहानांना विचारा, आणि जे सगळ्यांत कमी बोलतात त्यांना सगळ्यांत शेवटी, पण पुरेसा वेळ देऊन विचारा. उत्तरं कागदावर लिहा, मराठीत लिहा नाहीतर कानडीत. मोजपट्टी त्यानंतर काढा. आणि गॅलरीतली सायकल विकायला काढली असेल, तर तिचं काय आलं ते मला जरूर कळवा. आमच्या सायकलीचे तीनशे रुपये आले, त्यात बांबूच्या पडद्याची दोरी आणि अबोलीची दोन रोपं बसली.